उजव्या हाताचा ड्रम

"तुमचं वजन किती?"

खोली पाहायला आलेल्या बाईला घरमालकानं विचारलेला हा पहिला प्रश्न. नोकरी कुठं, माहेर कुठलं, लग्न झालं का, स्वयंपाकात कांदा-लसूण असतो का, यातलं काही नाही. सरळ वजन. मी अकोल्याची, भीड धरायला आमच्या घरात कोणी शिकवलंच नाही. म्हटलं, "तुमच्या जिन्याला पेलेल इतकं आहे." त्यावर, गहू घेणारा पोत्याकडं बघतो तसं गुरुजींनी मला एकदा नीट पाहिलं आणि आत तोंड करून काकूंना सांगितलं, "मिळाली हो. चहा टाका."

मला वाटलं, खोली मिळाली. त्यांना मिळाला होता होडीतला तिसरा गडी. हे मला पुढच्या रविवारी सकाळी कळलं, आणि तोवर माझी भांडी फळीवर लागून झाली होती.

गुरुजी म्हणजे भटजी. बुलडाण्यातल्या निम्म्या घरांची वास्तुशांती त्यांच्या हातची. उंद्रीपासून वडनेर भोलजीपर्यंत यजमान पसरलेले. सत्तरीला टेकलेला काटक माणूस, शेंडी नावापुरती, खांद्यावर पंचा, आणि स्कूटरवर पायाशी ताम्हन-पळीची पिशवी. इथवर सगळं चारचौघांसारखं. पण घराखाली जिथं लोक गाडी लावतात तिथं प्लायवूडची एक होडी ताडपत्री पांघरून झोपलेली असे, आणि स्कूटर बिचारी बाहेर उन्हात. आमच्या त्या गल्लीत नळाला पाणी येईल त्या दिवशी सण. घरोघरी अंगणात निळे ड्रम भरून ठेवलेले. आणि अशा गावात हा माणूस होडी बाळगून होता. गल्लीतल्या लोकांनी हसायचं तेवढं हसून घेतलं होतं. मी राहायला गेले तेव्हा ते हसूनही दमले होते.

या खुळाचं मूळ कोकणात होतं. वडील लवकर गेले, म्हणून लहानपणी त्यांना तिकडच्या एका वेदपाठशाळेत ठेवलं होतं. सकाळी पाठांतर. दुपारी आचार्य झोपले की हा विद्यार्थी बंदरावर. तिथल्या कोळ्यांनी त्याला आधी हाकललं, मग दोर धरायला दिला, मग सुकाणू दिलं. घरी परत आल्यावर पन्नासेक वर्षं त्यांनी समुद्राचं नाव काढलं नाही. मग दक्षिणेतून शिल्लक पडलेले पैसे कोणी सोन्यात घालतं, कोणी प्लॉटमध्ये. यांनी सुताराला बोलावलं. काकू म्हणायच्या, "एखाद्याले दारूचं व्यसन असते. हे परवडलं. निदान आंघोळ तरी होते."

मी होडीत बसायला सपशेल नकार दिला होता. मला पोहता येत नाही, शनिवारपर्यंत बँकेत कर्जवाल्यांशी डोकं फोडून रविवारी मला झोपायचं असतं, आणि माझ्या वजनाचा हिशेब परक्या माणसानं ठेवलेला मला खपत नाही. हे तिन्ही मुद्दे मी मोठ्या आवाजात मांडले. गुरुजींनी ते शांतपणे ऐकले आणि तरंगायचं जाकीट माझ्या गळ्यात घातलं, कलशाला हार घालावा तसं. मी गेले. का गेले ते आजही मला धड सांगता यायचं नाही. पण घाट उतरून मोताळ्याच्या बाजूला धरणावर पोचलो, निळं शीड वर चढलं, त्यात वारा भरला, आणि होडी कुठलाही आवाज न करता निघाली, तेव्हा माझं तोंड आपोआप बंद झालं. अकोल्यात माझ्या आईला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसला नाही.

शिडाच्या होडीत वारा भरला की ती एका अंगाला कलते. ती उलटू नये म्हणून कोणाला तरी होडीच्या दुसऱ्या काठावर बसून पाठ बाहेर टाकून लोंबकळावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. सुकाणू गुरुजींच्या हातात, शिडाचा दोर भाईंच्या हातात, आणि वजन माझं.

भाई म्हणजे बाजारातले ताडपत्रीवाले भाई. मांडववाले, ट्रकवाले, पावसाच्या तोंडावर सोयाबीन झाकायला धावणारे शेतकरी, सगळ्यांना त्यांचं दुकान ठाऊक. अंगानं दांडगे, बोलायला मऊ, डोक्यावर पांढरी जाळीची टोपी. पाण्यावर केवढाही वारा सुटो, ती जागची हलत नसे. आमचं शीड त्यांनी स्वतः शिवलेलं. दुहेरी शिवण, कडेला पितळी कड्या, आणि वरच्या टोकाला पांढऱ्या कापडाचं ठिगळ, लांबून आपलं शीड ओळखू यावं म्हणून. गुरुजींशी त्यांचा टोमॅटोच्या भावापासून देवाच्या अस्तित्वापर्यंत कशावरही वाद चाले. वरवर पाहणाऱ्याला विळ्याभोपळ्याचं सख्य वाटावं. पण एकाला ताप आला की दुसरा काढा घेऊन दारात हजर, आणि तिथंही पुन्हा वाद.

गुरुजींची होडी चालवायची रीत जगावेगळी. वाऱ्याचा अंदाज घ्यायला बाकीचे लोक काठीला दोरा बांधतात; गुरुजी होडीच्या नाकावर केळं ठेवून त्यात उदबत्ती खोचत. धूर कुठं जातो ते पाहायचं आणि शीड फिरवायचं. वारा जोराचा असला की म्हणत, आता उदबत्तीचं काम नाही, कान सांगतात. शेवटी ते केळं तिघांत प्रसाद म्हणून वाटलं जाई. दुसरं म्हणजे स्वाहा. शीड या बाजूचं त्या बाजूला नेताना खालचा आडवा बांबू सणकन फिरतो. मान वाकवली नाही तर कपाळमोक्ष ठरलेला. त्या वेळी गुरुजी खणखणीत आवाजात म्हणत, "स्वाहा." होमात स्वाहा म्हटलं की यजमान तूप सोडतो, आमच्याकडं स्वाहा म्हटलं की तिघंही वाकून जागा बदलायचो. भाईंना तर त्याची इतकी सवय झाली होती की एकदा शेजारच्या वास्तुशांतीला जेवायला आले, आत होम चालू होता, गुरुजी स्वाहा म्हणाले आणि अंगणात खुर्चीवर बसलेल्या भाईंनी गपकन मान खाली घातली. मी हसून हसून मठ्ठा सांडला.

आणि त्यांचं एक पालुपद होतं. "शास्त्रात सगळ्याले पर्याय आहे." पूजेत गणपतीची मूर्ती नाही? सुपारी ठेवा. दागिना नाही? अक्षता वाहा. यजमानाची बायको माहेरी गेली? तिच्या जागी सुपारी. होडीलाही तोच न्याय. नांगर मिळेना तर काकूंचा जुना पाटा दोराला बांधला. मुहूर्त मात्र होडीसाठी त्यांनी कधी पाहिला नाही. जगाला मुहूर्त काढून देणारा माणूस, स्वतः निघताना पंचांगाकडं ढुंकून बघत नसे. मी टोचून विचारलं, तर म्हणाले, "पाण्याले मुहूर्त लागत नाही मॅडम, वारा लागते."

शर्यत संक्रांतीनंतरच्या रविवारी होई. हौशी होडीवाले मोजके. मलकापूरचे एक दातांचे डॉक्टर होते, त्यांची पांढरीशुभ्र फायबरची होडी ट्रकवरून आणलेली. आणखी दोन-तीन घरगुती होड्या. पंच म्हणून एक निवृत्त सुभेदार, काठावर खुर्ची टाकून, गळ्यात दुर्बीण, तोंडात शिट्टी. बक्षीस वगैरे काही नाही. काठावरच्या चहाच्या टपरीला एक काळी पत्र्याची पाटी होती, तिच्यावर खडूनं पहिल्या तीन होड्यांचा नंबर लिहायचा, आणि पुढच्या संक्रांतीपर्यंत ती कोणी पुसायची नाही, एवढंच. पण त्या पाटीसाठी डॉक्टर दवाखाना बंद ठेवून सराव करत.

नियम अगदी सोपा. पलीकडच्या काठाजवळ पाण्यात एक नारिंगी ड्रम तरंगत ठेवलेला, अलीकडं दुसरा. पलीकडच्याला वळसा, अलीकडच्याला वळसा, पुन्हा पलीकडच्याला, की परत काठावर. वळसा घालताना ड्रम आपल्या डाव्या हाताला राहिला पाहिजे. सगळ्या होड्या एकाच बाजूनं वळल्या की टक्कर होत नाही, म्हणून हा नियम. उजव्या हाताला राहिला तर होडी बाद.

माझ्या पहिल्या शर्यतीत आम्ही सुसाट निघालो. डॉक्टर पार मागं. पलीकडचा ड्रम जवळ आला आणि गुरुजींनी अगदी शांतपणे, मनोभावे, तो उजव्या हाताला ठेवून वळसा घातला. वर मोकळा हात छातीला लावून मान लववली. काठावरून सुभेदारांची शिट्टी किंचाळायला लागली. मला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. भाईंनी डोक्याला हात लावला, "अहो गुरुजी, तो देव नाही, ड्रम आहे."

जन्मभर देवाला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घातलेली, हात आपोआप गेला. माणूस चुकतो, पण ही चूक एखाद्या भटजीच्याच हातून व्हावी. काठावर पहिले पोचलो आणि बाद झालो. तेव्हा तिघंही पोट धरून हसलो होतो.

दुसऱ्या वर्षी गुरुजी घरापासून "डावा, डावा" असा जप करत आले. ड्रमपर्यंत जप चालू होता. ड्रम आला आणि त्यांचा हात सुकाणूवर नुसता थिजला. होडी ड्रमावर आदळणार, इतक्यात त्यांनी सुकाणू ओढलं, ते उजवीकडच्या वळणाला. पुन्हा पहिले, पुन्हा बाद. या खेपेला हसले ते डॉक्टर.

तिसऱ्या वर्षी भाईंनी नवं शीड शिवलं. दुकान बंद झाल्यावर मशीनवर बसून, शिडाच्या पोटाला हवा तसा फुगवटा येईपर्यंत तीनदा उसवून. असं शीड डॉक्टरांकडंही नव्हतं. डॉक्टर स्वतः येऊन ते बोटानं चाचपून गेले. त्या दिवशी आम्ही इतके पुढं होतो की चुकायला सवडही होती आणि न चुकायलाही. गुरुजी चुकले नाहीत. त्यांनी ड्रम पाहिला, भाईंकडं पाहिलं, आणि समजून-उमजून उजव्या हाताला घातला.

भाईंनी होडी काठावर ओढली. शीड उतरवलं, घडी घातली, आणि मग बोलले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, म्हणून जास्त लागला.

"तुमचं तुम्ही सांभाळलं गुरुजी, चांगलं केलं. पण माझ्या शिडाचा नंबर एकदा तरी त्या पाटीवर लागू द्या ना. मीही म्हातारा होऊन राह्यलो. पुढच्या साली पुन्हा बादच व्हायचं असलं, तर मले बोलावू नका."

गुरुजी चिखलात उभे होते, धोतर ओलं. म्हणाले, "भाई, उलटा मी एकदाच फिरलो. बापाच्या चितेभोवती, चिता डाव्या हाताले ठेवून, खांद्यावर गळकं मडकं घेऊन. लहान होतो. मडकं जड होतं, आणि मले वाटे, मी फिरणं थांबवलं तर बाप उठून बसंल. तेव्हापासून हा हात तिकडं वळत नाही. वळवतो म्हटलं तरी वळत नाही."

भाईंनी मान हलवली. समजलं नाही असं नाही. पण समजलं म्हणून मनातलं जात नाही. शिडाची घडी होडीत ठेवून ते डॉक्टरांच्या गाडीतून निघून गेले. मला दोघांचाही राग आला, आणि दोघांचंही वाईट वाटलं. अशा वेळी कोणावर ओरडावं ते कळत नाही, म्हणून मी चहावाल्यावर ओरडले.

त्यानंतर महिने गेले, होडी जागची हलली नाही. भाई नाहीत तर होडी नाही, हिशेब सरळ होता. दोघांनी ती चालत नाही. मी म्हटलं, मांडववाल्याचा धाकटा भाऊ यायला तयार आहे, ताकदीचा आहे. गुरुजी दुर्वा निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "शास्त्रात सगळ्याले पर्याय आहे मॅडम. भाईले नाही."

मग जा की त्यांच्याकडं, मी म्हटलं. गेले नाहीत. बाजारात जायचा रस्ता बदलला तेवढा, तोही असा की भाईंच्या दुकानावरून दोनदा जावं लागे. जाताना मान ताठ, नजर समोर. म्हाताऱ्या माणसांचे रुसवे लहान पोरांपेक्षा वाईट. पोरं निदान भूक लागली की विसरतात. काकू मला म्हणाल्या, हे रात्री झोपेत स्वाहा म्हणून राह्यले. मला हसू आलं, पण त्यांना आलं नाही.

दिवाळीच्या आधी एका दुपारी भाई दारात उभे. पांढरे कपडे, अत्तराचा वास. ते उमऱ्याला निघाले होते, मक्केला. त्यांच्यात रीत आहे, यात्रेला निघण्यापूर्वी सगळ्यांच्या दारी जाऊन माफी मागायची. भाई उंबऱ्याबाहेरच थांबले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "कहा-सुना माफ करा गुरुजी."

गुरुजी झोपाळ्यावर. उठले, पंचा सारखा केला, पुन्हा बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. शेवटी म्हणाले, "माफ नाही करत. तुम्ही परत या, मग भांडू. माफ केलं तर भांडू कशाचं?" भाई हसले. काकूंनी प्रवासाला म्हणून चिवडा-शंकरपाळ्यांचा डबा त्यांच्या हातात दिला. भाई वळल्यावर गुरुजी फाटकापर्यंत त्यांच्या मागं गेले आणि रस्त्याच्या वळणाला ते दिसेनासे होईपर्यंत तिथंच उभे राहिले.

महिन्याभरानं भाई परत आले ते खजूर आणि तिथलं जमजमचं पाणी घेऊनच आमच्याकडं. चहा झाला. भाई तिथल्या गोष्टी सांगत होते, गर्दी, ऊन, संगमरवराचा गारवा, आणि काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा मागायचं ठरवलेलं सगळं कसं विसरून गेलो ते. गुरुजी एकाग्र ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, सात फेऱ्या घालता म्हणता, तर काबा कोणत्या हाताले ठेवता?

"डाव्या," भाई म्हणाले. "दिल डावीकडंच असते ना."

गुरुजींनी खजुराची बी कपाच्या शेजारी ठेवली. "दाखवा बरं."

भाईंनी बोट कपाभोवती फिरवलं, कप डाव्या हाताला ठेवून. गुरुजींनी ते पुन्हा करायला लावलं. मग तिसऱ्यांदा. भाईंना काही कळेना, पण मला हळूहळू कळायला लागलं होतं. मला हसू फुटलं.

"म्हणजे जे माझ्या हातानं उलटं होते, ते तुमच्या हातानं सुलटंच आहे," गुरुजी म्हणाले. "ठरलं तर. ड्रम आला की सुकाणू तुमच्या हातात. बाकी पाण्यावर माझ्या."

भाईंनी कपाभोवती बोट आणखी एकदा फिरवलं. म्हणाले, ड्रम तो ड्रमच, त्याले आम्ही काही मानत नाही. पण डावीकडून वळायले माझी काही हरकत नाही. आणि मग दोघांत शिडाच्या दोरावरून वाद सुरू झाला. काकू आतून म्हणाल्या, "चला, झालं एकदाचं." मीही आत जाऊन डोळे पुसले. मला रडायला येतं हे मी सहसा कोणाला दिसू देत नाही.

चालत्या होडीत सुकाणू एका हातातून दुसऱ्या हातात देणं बोलायला सोपं. पहिल्या सरावात गुरुजी सोडून मोकळे, भाईंनी धरायच्या आत होडी आडवी आणि आम्ही तिघं पाण्यात. मी जाकिटात तरंगत दोघांना इतक्या शिव्या घातल्या की काठावरच्या म्हशीसुद्धा वळून पाहायला लागल्या. पण जमलं. वळणाच्या जरा आधी गुरुजी म्हणत "घ्या", भाई "बिस्मिल्ला" म्हणून सुकाणू धरत, दोर गुरुजींकडं जाई, वळसा पूर्ण झाला की भाई म्हणत "घ्या", आणि सगळं पुन्हा जागेवर. मधे मी आपली होडीच्या काठावर, वजन घेऊन.

चौथ्या संक्रांतीनंतरचा रविवार. गावात पतंग उडत होते तेव्हाच कळलं होतं की आज वारा आहे. उदबत्ती तर लावायलाच मिळाली नाही. सुरुवातीला डॉक्टर आमच्या पुढं होते. पहिला ड्रम आला, "घ्या", "बिस्मिल्ला", ड्रम डाव्या हाताला. काठावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींची होडी ड्रमाला डावीकडून वळते हे पाहायलाच निम्मे आले होते. दुसराही तसाच. डॉक्टरांना आम्ही मागं टाकलं. उरला पलीकडचा ड्रम, दुसऱ्यांदा.

तिथवर पोचायच्या आत एक जोराचा झोत आला आणि शिडाच्या खालच्या कोपऱ्यातली पितळी कडी निघाली. कोपरा बांबूपासून सुटला, शीड फडफडायला लागलं. भाई झेपावले. एका हातानं शिडाचा कोपरा, दुसऱ्यानं बांबू, आणि दोन्ही छातीशी आवळून ते बसले. त्यांच्या हातांवर शीड पुन्हा भरलं. होडी चालू राहिली, पण आता ते हात सोडू शकत नव्हते. मी काठावरून आत आले तर होडी उलटली असती. आणि ड्रम समोर होता.

गुरुजींच्या हातात सुकाणू. मी बाहेर लोंबकळून उलटीच पाहत होते, तरी मला त्यांचा हात दिसला. तो थिजायला लागला होता, दुसऱ्या वर्षी थिजला होता तसाच. भाईंनाही ते दिसलं. पण ते वळवा म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "राहू द्या गुरुजी. उजवीकडून घ्या. मी येईन पुढच्या साली."

गुरुजींनी मान वर केली. "भाई, तुमची टोपी घेऊ का?"

हात अडकलेले म्हणून भाईंनी डोकंच पुढं केलं. "घ्या."

गुरुजींनी वाकून त्यांच्या डोक्यावरची टोपी उचलली, आपल्या डोक्यावर चढवली, शेंडी आत सारली, आणि मूर्तीच्या जागी सुपारी मांडताना बोलत त्याच आवाजात म्हणाले, "भाईंच्या वतीनं." आणि सुकाणू ओढलं. ड्रम माझ्या डोळ्यांसमोरून गेला, डाव्या हाताला. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गालावरून पाणी येत होतं. ते धरणाचं नव्हतं.

वळसा पूर्ण झाल्यावर त्यांनी टोपी काढून भाईंच्या डोक्यावर नीट बसवली. हातांनी धरलेलं शीड ते, डॉक्टरांनी आम्हाला काठाजवळ गाठलं आणि होडीच्या निम्म्या लांबीनं मागं टाकलं. आम्ही दुसरे आलो. पण बाद नाही. सुभेदारांना कोणीतरी विचारलं, टोपी घातलेली चालते का? ते म्हणाले, ड्रम कोणत्या बाजूला होता तेवढंच आपण पाहतो.

पाटीवर दुसऱ्या नंबराला सुभेदारांनी गुरुजींचं नाव लिहिलं. गुरुजींनी त्यांच्या हातातून खडू घेतला आणि पुढं लिहिलं, "शीड भाईंचं". भाईंचे तळवे सोलवटून निघाले होते, त्यांना चहाचा कपही धरवत नव्हता. कप गुरुजींनी त्यांच्या तोंडाशी धरला. पहिला नंबर आला असता तरी मला यापेक्षा जास्त आनंद झाला नसता, आणि हे मी हरलेल्यांच्या समाधानासाठी म्हणत नाही. मला हरायला बिलकूल आवडत नाही.

होळीच्या सुमाराला माझी नागपूरला बदली झाली. निघायच्या आदल्या रविवारी दोघांनी मला धरणावर नेलं. शर्यत नव्हती, सुभेदार नव्हते, पाण्यावर आमची एकच होडी. नाकावर केळं, केळ्यात उदबत्ती, धूर सरळ मोताळ्याकडं. नारिंगी ड्रम अजून पलीकडं तरंगत होता. जवळ आल्यावर गुरुजी सवयीनं म्हणाले, "घ्या." भाईंनी सुकाणू धरलं.

आणि ड्रम उजव्या हाताला घातला.

मी होडीच्या काठावरून आत वळून पाहिलं. गुरुजींनीही पाहिलं. भाई नजर समोर ठेवून म्हणाले, "बेटी गाव सोडून जाऊन राह्यली. चांगल्या कामाले उजवीकडूनच जावं म्हणता ना तुम्ही."

गुरुजींनी केळ्यातली उदबत्ती काढली, केळं माझ्या हातात ठेवलं, पंच्यानं तोंड पुसलं. होडी अर्ध्या पाण्यात आली तेव्हा ते म्हणाले,

"भाई, बाद झाले तुम्ही."

"होऊ द्या," भाई म्हणाले.